प्रज्ञाचक्षु विद्यार्थी : श्रीगुलाबराव महाराज

श्रीज्ञानेश्वर माउलींच्या कृपेने वऱ्हाड प्रांतात जे सत्पुरुष होऊन गेले, त्यांत माधानच्या श्रीगुलाबराव महाराजांचे स्थान फार वेगळे आहे. ज्ञानेश्वरकन्या म्हणून, मधुराद्वैताचे आचार्य म्हणून त्यांचे नाव आपल्या संप्रदायात सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या चमत्काराच्या कथाही पुष्कळ आहेत. ज्यांना त्या गोड लागतात त्यांनी त्या अवश्य सांगाव्यात. या लेखात मात्र महाराजांचे एकच अंग पाहावयाचे योजले आहे, आणि ते म्हणजे त्यांचे विद्यार्थीपण.

हे अंग निवडण्याला कारण आहे. मुलगा कॉलेजात गेला, तत्त्वज्ञानाची चार पुस्तके त्याने चाळली, की घरी येऊन तो विचारू लागतो : देव आहे कशावरून? पाप-पुण्य ठरविले कोणी? चांगले वागावे ते कशासाठी? माळकरी बाप घाबरतो. त्याला वाटते, पोरगे हातचे गेले. मग तो एक तर रागावतो, नाही तर गप्प बसतो. अहो, पण असे प्रश्न विचारणे हा जर भक्तीचा शेवट असता, तर गुलाबराव महाराज संत झालेच नसते. कारण या माणसाचे सारे आयुष्य अशाच प्रश्नांच्या अभ्यासात गेले. आणि तो अभ्यासही असा, की डोळसांनी मान खाली घालावी.

शके १८०३, आषाढ शुद्ध दशमी, म्हणजे इंग्रजी तारीख ६ जुलै १८८१. पंढरीत दिंड्या पोचण्याचा तो दिवस. त्या दिवशी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या गावी, आजोळी, महाराजांचा जन्म झाला. वडिलांचे नाव गोंदुजी मोहोड, आईचे अलोकाबाई. घराणे चांदूर बाजारजवळच्या माधानचे, व्यवसाय शेतीचा. मूल आठनऊ महिन्यांचे झाले तोच डोळ्यांचे दुखणे आले. औषधोपचार झाले, पण गुण येण्याऐवजी दृष्टीच गेली, असे चरित्रकार सांगतात. चार वर्षांचे वय होते तेव्हा आई गेली. पुढे आजीने त्या लेकराला लोणी टाकळीस नेऊन सांभाळले. डोळे नाहीत, आई नाही, गावात शिकण्याची सोय बेताची. आणि असती तरी त्या काळच्या शाळेत पाटीवरची अक्षरे न दिसणाऱ्या मुलाला बसवून घेतो कोण?

आता पहा, नीतिशास्त्रातला सर्वांत जुना प्रश्न या मुलाच्या देहावरच लिहिलेला होता. जगाचा कर्ता दयाळू आहे, समदृष्टी आहे असे आपण म्हणतो. मग नऊ महिन्यांच्या लेकराने कोणाचे काय केले होते? हा प्रश्न कोण्या नास्तिकाने काल-परवा काढलेला नव्हे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, पहिल्या पादात, खुद्द बादरायणाचार्यांनीच तो मांडला आहे. ईश्वराने सृष्टी केली म्हटले तर त्याच्यावर दोन दोष येतात. एक वैषम्य, म्हणजे पक्षपात. दुसरा नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. शास्त्रकारांनी आक्षेप लपविला नाही. ईश्वराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि मग विचार केला. आमच्या परंपरेचे हे धैर्य आम्हीच विसरलो आहोत.

सूत्रकारांचे उत्तर असे, की ईश्वर फळ देतो ते जीवाच्या कर्माला अनुसरून देतो. भाष्यात पावसाचा दृष्टांत आला आहे. वऱ्हाडच्या मातीत तो असा सांगता येईल : पाऊस एकच, काळी जमीन एकच, पण एका तासात कपाशी उगवते, शेजारच्या तासात तूर. पावसाने पक्षपात केला असे कोणी म्हणत नाही, भेद बियाण्याचा. यावर शंकाकार पुन्हा विचारतो, की सर्वांत आधीचे बियाणे कोठून आले? त्याला उत्तर, की संसार अनादि आहे, बीज आणि अंकुर यांत पहिले कोण हे दाखविता येत नाही.

एवढ्याने सर्वांचे समाधान होते असे नाही. चौकस विद्यार्थी म्हणेल, जे कर्म मला आठवत नाही त्याची शिक्षा मला का? त्याने हे जरूर विचारावे. मात्र कर्मफळ ही न्यायाधीशाने रागावून दिलेली शिक्षा नव्हे, पेरल्याचे ते उगवणे आहे, एवढा फरक त्याने ध्यानात घ्यावा. आणि याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. कर्माचा सिद्धांत कोणी कोणाला ऐकवावा? आंधळा स्वतःशी म्हणाला, हे माझे प्रारब्ध, तर त्याच्या मनाला धीर येतो, कोणाविषयी द्वेष उरत नाही. पण तेच वाक्य डोळस शेजाऱ्याने त्याला ऐकविले आणि त्याचा हात धरायचे टाळले, तर ते शास्त्र राहत नाही, आळसाला घातलेले शास्त्राचे पांघरूण होते. आपल्या दुःखाकडे पाहताना कर्म, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहताना कर्तव्य, ही वाटणी नीट ठेवली तर हा सिद्धांत माणसाला निष्ठुर करीत नाही. लोणी टाकळीच्या आजीने काही सूत्रभाष्य वाचले नव्हते. पण तिने लेकराचे प्रारब्ध उगाळीत न बसता त्याला पोटाशी धरले. सूत्रार्थ तिला जास्त कळला होता असे आम्हास वाटते.

असो. आता महाराजांचा अभ्यास कसा चाले ते पाहू. श्रवण, मनन, निदिध्यासन असा वेदांताचा क्रम आपण नेहमी म्हणतो. आपल्यासाठी श्रवण हा शब्द बराचसा उपचाराचा झाला आहे. कारण पुस्तक हाताशी असते, चुकले तर पान मागे उलटता येते. महाराजांना पान नव्हतेच. कोणीतरी वाचावे आणि त्यांनी ऐकावे. ऐकले ते तेथल्या तेथे धरून ठेवावे, पुढचा विषय आला की मागच्याशी जुळवून पाहावे. वाचणारा दमला की अभ्यास थांबला. वाचणाऱ्याने संधी चुकीचा फोडला तर अर्थ बिघडला, म्हणून कानाने चूकही पकडायची. उपनिषदे, दर्शने, पुराणे, ज्ञानेश्वरी, व्याकरण, साहित्यशास्त्र, आयुर्वेद, एवढा पसारा या एकाच वाटेने आत गेला. पुढे ग्रंथ झाले तेही असेच : महाराजांनी सांगावे, दुसऱ्याने लिहून घ्यावे. डोळ्यांवाचून जो बुद्धीने पाहतो तो प्रज्ञाचक्षु. हे नाव लोकांनी त्यांना दिले ते उगीच नव्हे.

अशा अभ्यासाचा एक गुण मात्र आपण घेण्यासारखा आहे. ज्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते त्याला ऐकणे पुरे होईपर्यंत थांबावे लागते. आम्ही डोळस लोक प्रतिपक्षाची दोन वाक्ये वाचतो की लगेच खंडन सुरू. मीमांसकांनी विचाराच्या एका अधिकरणाची पाच अंगे सांगितली आहेत : विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत आणि संगती. यांत सिद्धांताचा क्रमांक चौथा आहे, हे विसरू नये. आधी संशय मनापासून यावा लागतो. मग पूर्वपक्ष असा मांडावा लागतो, की प्रतिपक्ष्यानेच म्हणावे, वा, माझे म्हणणे याहून चांगले मलाही मांडता आले नसते. त्यानंतर उत्तर. काशीपासून पैठणपर्यंत जुन्या पाठशाळांतून हीच शिस्त होती, आणि महाराजांच्या ग्रंथरचनेचा पिंडही याच शिस्तीचा आहे.

त्या काळचा पूर्वपक्ष साधा नव्हता. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात होते. पुढे आगगाडी आली, शाळा आल्या, आणि शाळांमागून विलायतेचे तत्त्वज्ञान आले. आपल्या अकोल्याचेच उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यातील टेंभूचा एक अत्यंत गरीब मुलगा शिक्षणासाठी अकोल्यास नातेवाइकांकडे आला. विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या शिक्षकाचा आधार त्याला मिळाला, आणि १८७५ साली तो मॅट्रिक झाला. हे गोपाळ गणेश आगरकर. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अंगावर एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, अशा स्थितीत त्यांनी मिल्ल, स्पेन्सर वगैरेंचे ग्रंथ अभ्यासिले आणि इतिहास व तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. केले. देवावाचून, परलोकावाचून नीती उभी राहू शकते असा त्यांचा निश्चय झाला. १८८८ साली ‘सुधारक’ पत्र काढून तो त्यांनी उघडपणे सांगितला. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते ढळले नाहीत. १७ जून १८९५ रोजी ते वारले, तेव्हा गुलाबराव महाराजांना चौदावे वर्ष चालू होते.

आगरकरांचे नाव या पृष्ठांवर पाहून कोणी भुवया उंचावतील. पण विचार करा. हा मनुष्य देव मानीत नव्हता. आणि तरी मोठ्या पगाराची वाट सोडून, आपण संपत्तीच्या मागे लागणार नाही असे आईला कळवून, दम्याने शरीर खंगले असता शेवटपर्यंत शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारावर राहिला. देव मानल्यावाचून मनुष्य नीतिमान होऊच शकत नाही असे जर आपण म्हणू लागलो, तर अकोल्याचा हा विद्यार्थी समोर उभा राहतो आणि आपले तोंड बंद करतो. हा खरा पूर्वपक्ष. तो नुसत्या शब्दांचा नाही, आचरणाचा आहे.

महाराजांनी या नव्या विद्येकडे पाठ फिरविली नाही. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचा परामर्श त्यांच्या ग्रंथांत आहे. खेड्यातला एक अंध शेतकरीपुत्र, इंग्रजी शाळेची पायरी न चढलेला, विलायतेच्या पंडितांचे म्हणणे विषय म्हणून समोर घेतो, ही गोष्टच केवढी! ती मते त्यांनी स्वीकारली नाहीत. परंतु स्वीकारायची नाहीत म्हणून ऐकायचीच नाहीत, असे केले नाही. आमच्या मते त्यांच्या साधुत्वाची एक खूण येथे आहे.

त्या मतांचे स्वरूप थोडक्यात असे. डार्विनसाहेबांनी १८७१ च्या ग्रंथात म्हटले, की कळपाने राहणाऱ्या प्राण्यांत एकमेकांविषयी ओढ असते. बुद्धी वाढली की त्या ओढीतूनच सदसद्विवेक उपजतो. स्पेन्सरसाहेबांनी १८७९ साली नीतीवर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे, ज्या वर्तनाने आपले, मुलाबाळांचे व समाजाचे जीवन टिकते आणि समृद्ध होते ते वर्तन चांगले; जगाचे अंतिम मूळ मात्र अज्ञेय आहे, ते आपल्याला कळणार नाही. मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. गाय वासराला चाटते, मुंग्या मिळून कण ओढतात, हे आपणही पाहतोच.

वेदांताच्या बाजूने याचा विचार आमच्या शब्दांत असा मांडता येईल. दया कशी उपजली हे सांगणे एक, आणि ती मी का पाळावी हे सांगणे दुसरे. उत्पत्ती दाखविली म्हणजे प्रामाण्य सिद्ध झाले असे होत नाही. अमरावतीच्या बाजारात कापसाची गाडी आली आहे. शेतकऱ्याला तराजू वाचता येत नाही. जवळ दुसरे कोणी नाही. दोन शेर कमी सांगितले तर समाज काही बुडत नाही, आणि माझ्या लेकराबाळांचे तर भलेच होते. मग मी खरे का सांगावे? आत ओढ आहे म्हणून, असे म्हणाल तर लोभाचीही ओढ आहे, आणि तीही तशीच उपजली आहे. दोन ओढींपैकी एकीला वरचे आसन द्यायचे तर ओढीच्या पलीकडचे काहीतरी बोलावे लागते. गीतेने सांगितलेले आत्मौपम्य येथे उपयोगी पडते. समोरच्या शेतकऱ्यात आहे तो मीच. त्याला फसविले तर फसविणारा आणि फसलेला हे दोन राहत नाहीत. जो हा अर्थ जाणतो त्याला कोणी पाहत आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

मग आगरकरांचे काय? उत्तर सरळ आहे. आत्मा एक आहे ही गोष्ट कोणी मानल्याने होत नाही आणि न मानल्याने मोडत नाही. सूर्याला न मानणाऱ्याच्या अंगणातही ऊन पडते. ईश्वराचे नाव न घेता जो दुसऱ्यासाठी झिजतो, त्याच्या हातून त्या एकत्वाचीच सेवा घडते. आगरकरांना हे उत्तर पटले नसते, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. ते म्हणाले असते, ओढींत निवड करायला बुद्धी आहे, तिला आत्म्याचा टेकू कशाला? वाद येथे संपत नाही, आणि संपलाच पाहिजे असेही नाही. पण उलट बाजूचा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. गळ्यात माळ, मुखात नाम, आणि तराजूत खोट, असा मनुष्य देव मानतो म्हणून त्याला कोणत्या पंक्तीला बसवायचे? याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या उंबऱ्याच्या आत द्यावे.

तिसरा प्रश्न तत्त्वज्ञानातला, आणि वारकऱ्याच्या तर काळजातला. सर्व एकच असेल तर भक्ती कोणी कोणाची करायची? अद्वैत खरे म्हणावे तर भक्ती लटकी ठरते. भक्ती खरी म्हणावी तर दोनपण आले. कित्येक विद्वान येथे एक बाजू सोडून देतात. महाराजांनी दोन्ही हातांत धरल्या. १९०१ साली माउलींनी त्यांना मांडीवर घेऊन आपल्या नावाचा मंत्र दिला, अशी परंपरा सांगते. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानू लागले. कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र असा सौभाग्यवेष त्यांनी धारण केला. प्रेमासाठी लागणारे दोनपण अज्ञानाचेच असले पाहिजे असे नाही; एकत्व पुरते कळल्यावरही प्रेमाच्या गोडीसाठी ते राहू शकते, आणि मग ते बांधीत नाही, हा मधुराद्वैताचा गाभा. माउलींनी अमृतानुभवात जी अकृत्रिम भक्ती सांगितली, तिचाच हा विस्तार म्हणता येईल.

शंका येईल, की लग्न झालेला संसारी पुरुष स्त्रीवेष घेतो हे कसे? त्या काळच्या लोकांनाही ती आली असणारच. येथे लक्षात घ्यावे, की महाराजांनी सिद्धांत फक्त ग्रंथात ठेवला नाही. जे मानले ते देहावर धारण केले, आणि लोक काय म्हणतील ते सोसले. पुण्यात आगरकरांनी आपल्या मतासाठी सोसले, वऱ्हाडात महाराजांनी आपल्या भावासाठी. मते दोन टोकांची; पण समजले तसे वागायचे, हा विद्यार्थ्याचा शेवटचा धडा दोघांनीही सारखाच गिरविला.

महाराजांना आयुष्य लाभले अवघे चौतीस वर्षांचे. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. तेवढ्या अवधीत शंभरावर लहानमोठे ग्रंथ झाले, संस्कृत, मराठी आणि हिंदीतही. ‘संप्रदायसुरतरु’, ‘साधुबोध’, मनाच्या व्यापारांचा आणि व्याधींचा विचार करणारा ‘मानसायुर्वेद’ ही त्यांतली काही नावे. त्यांचे शिष्य श्रीबाबाजी महाराज पंडित यांनी ही परंपरा पुढे चालविली. हे वाङ्मय ‘सूक्तिरत्नावली’ या नावाने भागाभागांनी छापले गेले. त्यातल्या एकेका भागाला यष्टी, म्हणजे हाराचा सर, असे म्हणतात. वेगवेगळी दर्शने, वेगवेगळे मार्ग यांची संगती लावण्याकडे त्यांचा सारा कल, म्हणून त्यांना समन्वयमहर्षीही म्हणतात. अधिकरणाचे पाचवे अंग संगती, हे वर आलेच आहे.

वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांतून मुले-मुली अमरावतीला, अकोल्याला शिकावयास जातात, तत्त्वज्ञानाचे पुस्तक हाती घेतात, आणि घरच्या श्रद्धेला प्रश्न विचारतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे : प्रश्न अर्धवट विचारू नका. मिल्लचे वाचा, स्पेन्सरचे वाचा, आगरकर वाचा. पण तितक्याच धीराने ज्ञानेश्वरी आणि सूत्रभाष्य ऐका. जे पटेल त्याप्रमाणे वागून पहा. आणि वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती, की मुलाने देव आहे कशावरून असे विचारले तर त्याला घराबाहेर काढू नका. त्याला जवळ बसवा, त्याचा पूर्वपक्ष पुरता ऐका. उत्तर येत असेल तर द्या. येत नसेल तर महाराजांचा एखादा ग्रंथ मधे ठेवा. एकाने वाचावा, दुसऱ्याने ऐकावा. त्यांचा अभ्यास याच रीतीने झाला होता.